वाचनालयाचं पंचांग

अगं बाय, तुझी यादी वाचली. दोनदा वाचली. ग्रंथपाल म्हणून रुजू होऊन तुला जेमतेम महिना होतोय आणि वर्षभराच्या कार्यक्रमांचा तक्ता तयारसुद्धा! रकाने आखलेत, समोर अंदाजे खर्च लिहिलाय, प्रमुख पाहुण्यांसाठी जागा मोकळी सोडलीय. कार्यकारी मंडळ खूश होईल यात शंका नाही. पण मंडळापुढे ठेवण्याआधी मला दाखवलीस ते बरं झालं. कारण यातल्या निम्म्या कार्यक्रमांना खुर्च्या येतील, माणसं येणार नाहीत.

राग मानू नकोस. तुझ्या यादीत सगळे 'दिन' आहेत, आणि ते सगळे परिपत्रकातून उतरवलेले आहेत. आपल्या कोकणातल्या तालुक्याच्या गावाचं वर्ष काही त्या तारखांनी चालत नाही. ते चालतं पेरणीनं, आवणीनं, गणपतीनं, भातकापणीनं, दहावी-बारावीच्या परीक्षांनी, शिमग्यानं आणि आंब्यानं. कोणत्या महिन्यात गावातलं कोण रिकामं असतं आणि कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते, हे आधी एका कागदावर मांड. वाचनालयाचं पंचांग तिथून तयार होतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तू 'महिला वाचक मेळावा' ठेवलायस. अगं, त्या आठवड्यात महिला चिखलात गुडघाभर उभ्या असतात!

परिपत्रकातले दिवस सोड असं मी म्हणत नाही. १२ ऑगस्टला रंगनाथनांची जयंती म्हणून ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा या सगळ्यांची नोंद आणि फोटो लागतात, अहवालात ओळ लागते. ते कर. अर्ध्या तासात, प्रतिमेला हार, चार शब्द, पुस्तकांचं टेबल, संपलं. त्याच्यावर जीव टाकू नकोस आणि मुख्य म्हणजे पैसे टाकू नकोस. जीव टाकायच्या जागा वेगळ्या आहेत, त्या मी सांगते.

त्याआधी एक सवय लावून घे. प्रत्येक कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात देवघेवीची वही उघडायची. कार्यक्रमाला आलेल्यांपैकी कोण पुस्तक बदलायला आलं? नवीन वर्गणी कोणी भरली? कार्यक्रमात ज्या पुस्तकाचं नाव निघालं ते कपाटातून हललं का? मंडळाला टाळ्या दिसतात, तुला वही दिसली पाहिजे. हॉल गच्च भरला आणि वही जागची हलली नाही, तर तो कार्यक्रम पुढच्या वर्षी गुपचूप गाळायचा. कोणी विचारलंच तर सांगायचं, तारीख मिळाली नाही.

आता जून लागलाय. पावसाळ्याचे पहिले दोन महिने बाहेरचा एकही कार्यक्रम ठेवू नकोस. हा पुस्तकांची काळजी घ्यायचा मोसम आहे. सगळ्यात खालचे कप्पे रिकामे कर. भिंतीला टेकलेली कपाटं वीतभर पुढे ओढ, नाहीतर मागून ओल चढते आणि श्रावणात पुस्तकांना बुरशीचा वास यायला लागतो. उघडीप मिळाली की खिडक्या उघडायच्या, कसर लागलेली पुस्तकं वेगळी काढायची. दाखल नोंदवही सगळ्यात वरच्या फळीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेव. आपल्याच जिल्ह्यात चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर बघ. १८६४ पासूनची संस्था. २००५ च्या जुलैत पुराचं पाणी आत शिरलं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा. दोन्ही वेळा त्यांनी उभारी धरली, पण भिजून गेलेलं दुर्मीळ पुस्तक बाजारात विकत मिळत नाही. तुझं वाचनालय उंचावर आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. छप्पर गळायला नदी लागत नाही.

या कामात शाळेतली दोन-चार मोठी मुलं मदतीला घे. पुस्तकं पुसता पुसता ती उघडून बघतातच. त्याला कार्यक्रम म्हणू नकोस, वहीत मात्र लिहून ठेव.

आता श्रावण. आवणी उरकलेली, पाऊस थोडा धरलेला-थोडा सोडलेला, उपासतापास सुरू, आणि दुपारी बायकांना तासभर मोकळा मिळतो. घरोघरी पोथ्या लागतात. ऐकायची सवय या दिवसांत अंगात असतेच, ती आपण वापरायची. आठवड्यातून दोन दुपारी, तीन ते चार, वाचनालयात एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. पोथी नको, ती देवळात आहे. कादंबरी वाचायची, आणि आपल्या मातीतली वाचायची.

आम्ही पेंडशांची 'गारंबीचा बापू' लावली होती. १९५२ ची कादंबरी, दापोलीकडच्या मुलखातली. वाचायला बसवली निवृत्त शिक्षिका, खणखणीत आवाजाची. पहिल्या दिवशी ऐकायला मोजक्याच जणी होत्या, त्यातल्या दोघी मोतीबिंदूमुळे कित्येक वर्षांत छापील अक्षर न वाचलेल्या. गोष्टीत अण्णा खोत आले तसा पहिला सुस्कारा ऐकू आला: "असलेच होते गो आमच्याकडे." तिसऱ्या-चौथ्या बैठकीला बापू आणि राधा एकत्र राहायला लागले आणि वाचन थांबलंच. एकीचं म्हणणं, बापूनं बरोबर केलं. दुसरी म्हणाली, त्यानं आईचा विचार करायला हवा होता. तिसरी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "राधेला कुणी विचारलं का?" अर्धा तास भांडण! शिक्षिका पुस्तकात बोट घालून बसलेली. नंतर त्यांच्या सुना ते पुस्तक मागायला आल्या, कारण सासू घरी येऊन जेवताना गोष्ट सांगायची आणि ऐन भरात आलं की "पुढचं शुक्रवारी" म्हणून थांबायची.

याला खर्च काय? चहा. आणि उपासाच्या दिवशी शेंगदाण्याचा लाडू, तोसुद्धा कोणीतरी घरून आणतं. 'तुंबाडचे खोत' मात्र एवढ्यात घेऊ नकोस. दोन जाडजूड खंड आहेत, श्रावण पुरणार नाही, अधिक महिना आला तरी पुरणार नाही. सुरुवातीला दीडशे-दोनशे पानांचं, माणसं भरपूर असलेलं आणि संवाद जास्त असलेलं पुस्तक निवड. वर्णनं लांबली की ऐकणारी पेंगते.

याच सुमाराला १२ ऑगस्ट येतो. रंगनाथनांच्या जयंतीला आपणच आपला सत्कार करून घ्यायचा हे मला नेहमी विनोदी वाटत आलंय. त्या दिवशी मी दुसरंच करते. जे सभासद आजारपणामुळे किंवा वयामुळे येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी पिशवीतून पुस्तकं घेऊन जाते. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले आणि त्याच वर्षी तिकडे तमिळनाडूत मन्नारगुडीला बैलगाडीवरचं फिरतं ग्रंथालय सुरू झालं. गाडी गावोगाव जायची. आपल्याला बैलगाडी नको, स्कूटी पुरे.

गणपतीत कार्यक्रम ठेवायचा नाही, म्हणजे नाही. आरत्या, भजनं, जाखडी यांच्यापुढे तुझं काव्यवाचन कोण ऐकणार? पण वाचनालय बंदही ठेवू नकोस, तिथेच गंमत आहे. वर्षभर मुंबईत असलेला चाकरमानी या दिवसांत गावात असतो, आणि सकाळची पूजा आटोपली की चावडीवर, बाजारात, ओळखीच्या ठिकाणी चक्कर मारतो. वाचनालयाचं दार उघडं दिसलं की आत येतो, "आमच्या वेळी इथे अमुक सर बसायचे" म्हणतो. त्याला बसव. लहानपणी त्यानं नेलेलं पुस्तक कपाटात असेल तर काढून दे. आजीव सभासदाची पावती त्या दिवशी जेवढी सहज फाटते तेवढी वर्षभर फाटत नाही. फक्त एक जप. चाकरमानी उत्साहात "माझ्याकडे दोन पोती पुस्तकं आहेत, पाठवतो" म्हणतात, आणि पोत्यातून निघतात जुनी गाइडं, कंपन्यांच्या डायऱ्या आणि इंग्रजी संगणकशास्त्राची पंधरा वर्षांपूर्वीची पाठ्यपुस्तकं. गोड बोलून आधी यादी मागायची. यादी करायला लागली की निम्मं पोतं आपोआप गळतं.

आता दिवाळी. बाय, मराठी वाचनालयाचा खरा सण हा आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्या लोकांनी फराळाच्या जोडीला वाचनही लावून घेतलंय. बाहेरच्या राज्यातल्या कोणाला सांगितलं की दरवर्षी दिवाळीला आमच्याकडे शेकड्यांनी अंक निघतात आणि लोक ते वाचनालयातून पाळीपाळीनं नेऊन वाचतात, तर त्यांना खरं वाटत नाही. तुझ्या यादीत मात्र याला एकच ओळ आहे: 'दिवाळी अंक प्रदर्शन व उद्घाटन'. उद्घाटन जाऊ दे, योजना नीट चालव.

दसऱ्यालाच फलक लाव: इतकी रक्कम भरा, फेब्रुवारीअखेर हवे तेवढे अंक वाचा. रक्कम ठरवताना दोन-तीन अंकांच्या किमतीच्या वर जाऊ नकोस. हिशोब लोक लगेच करतात, आणि फायद्याचं वाटलं तर शेजारणीला घेऊन येतात. विक्रेत्याशी सवलत आधी बोलून ठेव, आणि सगळे अंक एकदम मागवू नकोस, काही अंक दिवाळी उलटल्यावरच येतात. आले की लगेच वाटायलाही घेऊ नकोस. जाड अंकांची बांधणी गोंदावर असते, चौथ्या वाचकाच्या हातात पानं सुटतात. म्हणून आधी दाभणानं कडेला तीन भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओवून घट्ट गाठ मारायची, वर खाकी कव्हर, कव्हरावर ठळक नाव, वर्ष आणि क्रमांक. दोरा मुखपृष्ठाच्या फार आत घेऊ नकोस, नाहीतर आतल्या ओळींची सुरुवात शिवणीत जाते आणि वाचक मान वाकडी करून वाचतो. 'आवाज'मधली ती खिडकीवाली चित्रं आधीच बघून घे. त्यांची झडप कोणीतरी फाडतंच, आणि मग "आम्हाला मिळाला तेव्हाच असा होता" हे ठरलेलं वाक्य.

आता वाचकांचं. राशिभविष्याचे आणि पाककृतींचे अंक पहिल्या दिवशी उडतात, विनोदी त्यांच्या पाठोपाठ. 'मौज' आणि तसले भारदस्त अंक टेबलावर बसून राहतात. यावर मी काढलेला उपाय सांगते: एका वेळी दोन अंक द्यायचे, एक त्यांच्या पसंतीचा, एक तुझ्या. नाक मुरडतील. नेऊ देत. भविष्याच्या अंकाबरोबर गेलेला 'मौज' परत करताना एखादी विचारते, "ती लेखिका आहे ना, तिचं आपल्याकडे आणखी काही आहे?" हा प्रश्न ऐकायला मिळाला की त्या वर्षीचा दिवाळी खर्च वसूल. मुलांसाठी 'किशोर' हवाच. बालभारती तो १९७१ पासून काढतेय आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. वाचनालयाच्या संगणकावर ते उघडून ठेव. आईवडिलांनाच त्याचा जास्त मोह पडतो.

आणि योजना संपण्याआधी, फेब्रुवारीत नव्हे, पौषातच, एक संध्याकाळ ठेव. व्यासपीठ नको. गोल बसायचं, प्रत्येकानं यंदा वाचलेली एक कथा किंवा एक लेख सांगायचा. समीक्षा नको, नुसतं सांगायचं. कोण बोलेल ते आधी हेरून ठेव, त्यात पोस्टमन किंवा दुकानदार असू दे. सगळे शिक्षक बोलले की बाकीचे विद्यार्थी होऊन बसतात. उन्हाळ्यापर्यंत अंक जुने झाले की रद्दीत घालू नकोस. एसटी स्टँडचा प्रतीक्षा कक्ष, आरोग्य केंद्र, केस कापायचं दुकान. कव्हरावर वाचनालयाचा शिक्का मोठा मार.

थंडीत व्याख्यानं. मंडळाला व्याख्यानमालेचा सोस असतोच, आणि त्यात त्यांचं चुकतही नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, नाशिकची १९२२ पासूनची. तेव्हापासून गावोगावची वाचनालयं तोच नमुना गिरवतायत, नावासकट. पण आपल्याकडे वसंतात माणूस कुठे असतो? आंब्याच्या पेटीत! बागेत काढणी, घरात पेंढा आणि पेट्या, रात्री ट्रक. एप्रिल-मेमध्ये मोठी माणसं ऐकायला मिळणार नाहीत. आपली माला जानेवारीतच घ्यायची, तीनच दिवस, संध्याकाळी सहाला सुरू आणि साडेसातला बंद, म्हणजे वाडीवरच्यांना परत जायला उजेडाची नाही तरी एसटीची सोय राहते.

वक्ता पुण्याहूनच यावा हा हट्ट मोड. प्रवासखर्च, मुक्काम, मानधन, आणि वर दोन तास भाषण. आपल्याच भागात कलमं बांधणारा म्हातारा आहे, त्याला हापूसच्या कलमाबद्दल बोलायला सांग. हातात चाकू आणि फांदी देऊन उभा कर, भाषण आपोआप होतं. जुन्या सातबाऱ्यावर बोलायला निवृत्त तलाठी बोलाव, गर्दी आवरणार नाही. एक दिवस मात्र लेखकाचा ठेव, पण त्याचं पुस्तक महिनाभर आधी गावात फिरवून. वाचलेल्या लेखकाला लोक प्रश्न विचारतात, न वाचलेल्याला नुसता हार घालतात.

संक्रांतीला हळदीकुंकू कर, त्याच पंधरवड्यात भाषा संवर्धनही येतं, म्हणजे एका दगडात परिपत्रकही. प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या लुटणं बंद. वाण म्हणून तीन महिन्यांचं सभासदत्व द्यायचं, कार्डावर नाव आधीच लिहून. प्रायोजक मिळतात, कारण पन्नास डब्यांपेक्षा हे स्वस्त पडतं. आणि ऐक, निमंत्रणात 'सुवासिनी' हा शब्द नको. 'सर्व महिलांना' लिही, तिळगूळ सगळ्यांच्या हातावर ठेव आणि गावातली जी बाई एरवी अशा दिवशी घराबाहेर पडत नाही तिला तू स्वतः जाऊन बोलावून आण. थोडी कुजबुज होईल, होऊ दे. वाचनालय सार्वजनिक आहे, १९६७ च्या अधिनियमात तसं लिहिलंय असं ठणकावून सांगायचं.

फेब्रुवारी-मार्च हात आखडता घे. अभ्यासिकेत बारावीची, दहावीची आणि स्पर्धा परीक्षांची मुलं बसलेली असतात. त्यांना तू 'जागा अडवणारे' म्हणालीस ते मला आवडलं नाही. घरी तीन भावंडांत एक खोली असलेल्या पोराला ती खुर्ची म्हणजे काय आहे, ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. २७ फेब्रुवारीला स्पीकर लावू नकोस. गौरव दिन शाळेत जाऊन साजरा कर. त्या मुलांनाच कधीतरी रात्री चहा पाजून विचार, अभ्यासाशिवायचं कुठलं पुस्तक आवडलं. उत्तर देणारी निघतात. पुढे शिमगा आला की पालख्या निघतात आणि गाव देवाच्या मागे जातं. तेव्हा कुलूप लावून तूही पालखी नाचवायला जा. मार्चअखेरचा हिशोब मात्र त्याआधी उरकलेला असू दे.

१४ एप्रिलला सलग १८ तास वाचनाचा उपक्रम बऱ्याच ठिकाणी होतो, तो तू जरूर घे. बाबासाहेबांना याहून चांगलं अभिवादन वाचनालय काय करणार? पहाटे सहा ते रात्री बारा दिवे चालू, पाण्याची सोय, वस्तीतल्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन. त्यांना पाहुणे म्हणून बोलावू नकोस, आखणीपासून बरोबर घे. मुलींसाठी रात्री घरी सोडायची व्यवस्था आधी जाहीर कर, म्हणजे आईबाप पाठवतात.

आणि मे. मे महिना मुलांचा. गावातली पोरं असतातच, वर मुंबई-पुण्याची नातवंडं आजोळी येतात. महिनाभराचं तात्पुरतं सभासदत्व सुरू कर, अनामत घे, जाताना पुस्तकं परत मिळाली की अनामत परत. वेळ सकाळी साडेआठ ते साडेदहा. दुपारी घामानं आणि वीज गेल्यानं जीव नकोसा होतो, आणि संध्याकाळी मुलं समुद्रावर किंवा फणसाखाली.

'संस्कार शिबिर' हे नाव देऊ नकोस, हात जोडते. मुलं आधीच सुट्टीत वैतागलेली असतात, संस्कार ऐकलं की पळतात. 'सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्यास बक्षीस' हेही काढून टाक. पातळ पुस्तकं निवडून पानं उलटायची कला मुलांना उपजत असते. त्याऐवजी पुस्तकातला एक माणूस होऊन यायचं. कोणी फास्टर फेणे होतो, कोणी बोक्या सातबंडे, एक मुलगी श्यामच्या आईचा पदर घेऊन आली होती आणि तिनं सगळ्यांना इतकं रागावून घेतलं की आम्ही मोठेही गप्प. श्यामचं पालगड आपल्या जिल्ह्यातलं, मुलांना न्यायला सोपं. अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदऱ्यांची चित्रांची पुस्तकं खाली चटईवर पसरून ठेव, कपाटात नको. फाटली तर फाटली.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघ. मुंबईची मुलं धीट असतात, पुढे बसतात, हात वर करतात, आणि वाडीवरची मुलं दाराशी चप्पल घालूनच उभी राहतात. मोठ्यानं वाचायचं असेल तेव्हा वाडीवरच्या मुलाला वाचायला दे. मुंबईची बरीच मुलं इंग्रजी शाळेतली, जोडाक्षराशी अडखळतात. मग तीच पुढे सरकून याच्या बोटाखालची ओळ बघतात, आणि खाडी, बांध, गोफण म्हणजे काय ते यालाच विचारतात. दोन दिवसांत चपला बाहेर निघतात. सुट्टी संपल्यावर हाच मुलगा जूनमध्ये पुस्तक बदलायला येणार आहे, मुंबईचा नाही, हे विसरू नकोस.

पैशांचं थोडक्यात. अनुदान हप्त्यानं येतं आणि हप्ता वेळेवर येईल असं धरून कार्यक्रम आखायचा नाही. शासनानं २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं, पण आपल्या वर्गाच्या वाचनालयाला त्यातून पगार, वीज आणि पुस्तकं भागवता भागवता नाकी नऊ येतातच. म्हणून शाल-श्रीफळ बंद कर, पाहुण्याला पुस्तक दे, तेही आपल्याच खरेदीच्या सवलतीतलं. फ्लेक्स वर्षाला एकच छाप, तारखेची जागा कोरी ठेवून. त्यावर पदाधिकाऱ्यांचे फोटो हवेत अशी मागणी येणार. वाद घालायचा नाही. "फोटो टाकले तर दरवर्षी नवा करावा लागेल, मंडळ बदलतं ना," असं साळसूदपणे म्हणायचं. खर्चाचं नाव काढलं की खजिनदार आपल्या बाजूला येतात.

तर आता ती यादी मंडळापुढे ठेवू नकोस. श्रावणवाचन, दिवाळी अंक, संक्रांत आणि मे, एवढे चारच मोठे लिही, परिपत्रकातले दिवस खाली बारीक अक्षरात. पहिल्या वर्षाला पुष्कळ झालं. या आठवड्यात खालचे कप्पे रिकामे करायला घे, आणि गावात खणखणीत आवाजाची कोण आहे त्याची चौकशी सुरू कर. शिक्षिकाच हवी असं नाही, एखादी कीर्तनकाराची लेक किंवा अंगणवाडीताईसुद्धा चालेल. आणि पहिल्या श्रावणात कोणती कादंबरी लावायची ते मला विचारू नकोस, माझी सांगून झाली. तुझ्या कपाटातली तीन नावं काढ, प्रत्येकाचं पहिलं पान स्वतः मोठ्यानं वाचून बघ आणि रविवारी फोन कर. दुपारी तीननंतर कर, सकाळी मी कपाटं ओढत असेन.